टच बोर्डावर दोन पोरं एकदम का खेळू शकत नाहीत?

खानापूरच्या_बाई:
आमच्या मराठी शाळेत देणगीतून टच बोर्ड आलाय, उबुंटूच्या संगणकाला जोडलेला. डावीकडं मराठी शब्द, उजवीकडं कन्नड, बोटानं ओढून जोड्या लावायच्या, असं वेबपान एका माजी विद्यार्थ्यानं करून दिलंय. एकटं पोरगं खेळलं की झकास. दोघं लागली की पहिल्याचा शब्द सरकतो, दुसऱ्याचा जागचा हलत नाही, मग ढकलाढकली. खोक्यावर तर ‘१० टच’ छापलंय. बोर्ड खोटं बोलूलालाय काय?

कॅम्पातला_मेकॅनिक:
खोकं सोडा ओ बाई, बोर्ड कर्नलला, म्हणजे उबुंटूच्या गाभ्याला, काय सांगतो ते बघा. यूएसबी लावली की तो आपलं वर्णन पाठवतो: बोटं किती ओळखतो, एक्स-वाय कुठनं कुठपर्यंत. टर्मिनलात, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘सुडो इव्हटेस्ट’ चालवा, बोर्ड काय कळवतो ते दिसतं. यादीत एकाच बोर्डाची दोन नावं असू शकतात, एक नुसतं माउस म्हणून. ते नको, टचवालं निवडा. त्यात ‘एबीएस_एमटी_स्लॉट’ शोधा, एका बोटाला एक स्लॉट. मॅक्स ९ असेल तर १० बोटं, मोजणी शून्यापासून असते. आणि खाली प्रॉपर्टीमध्ये ‘सेमी_एमटी’ दिसलं तर लई बेकार. अशा यंत्राला दोन बोटांभोवतीचा चौकोन तेवढा कळतो, कुठलं बोट कुठल्या कोपऱ्यात ते नाही. जुन्या लॅपटॉपांच्या टचपॅडात ही भानगड असायची.

निपाणीकर:
विंडोजवाल्यांसाठी: सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’मध्ये किती टच पॉइंट ते लिहिलेलं असतं. तो आकडाही यंत्रानंच कळवलेला.

खानापूरच्या_बाई:
मॅक्स ९. प्रॉपर्टीत फक्त ‘डायरेक्ट’.

कॅम्पातला_मेकॅनिक:
मग बोर्डाचा दोष नाही. ‘डायरेक्ट’ म्हणजे बोट टेकतं तिथंच पडद्यावर उमटतं. आता ब्राउझरात एफ१२ दाबून कन्सोलात ‘नॅव्हिगेटर.मॅक्सटचपॉइंट्स’ टाका. तिथंही १० आलं तर पानाचा कोड उघडा. त्यात ‘माउसडाउन’, म्हणजे माउसचं बटण दाबल्यावर चालणारा कोड, असणार, पैजेवर सांगतो. ब्राउझर माउसचं सोंग पहिल्या बोटापुरतंच आणतो. पान करणाऱ्या पोराला सांगा, त्याऐवजी बोटांनाही चालणारे ‘पॉइंटरडाउन’, ‘पॉइंटरमूव्ह’ घे. प्रत्येक बोटाला वेगळा ‘पॉइंटरआयडी’ मिळतो, त्या आयडीला शब्द बांध. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाच्या मांडणीच्या कोडात, ‘टच-ॲक्शन: नन’ पण हवंच, नाहीतर ब्राउझर पानच सरकवायला जातो आणि शब्द मध्येच सुटतो.

खानापूरच्या_बाई:
१० आलं. आणि कोडात माउसडाउनच हाय. तो माजी विद्यार्थी पुण्याला असतो, रविवारी बदलतो म्हणालाय. तोवर पाळीपाळीनं.