बुधवारचा वर्ग: घरच्या ग्रुपवर

मोठे मामा: रविवारी मिस्सानंतर (चर्चमधल्या रविवारच्या उपासनेनंतर) फादरांनी सांगितलं ते ऐकलंत ना? दर बुधवारी रात्री ८ वाजता मोठ्यांसाठी धर्मशिक्षण. आपलं धर्मशिक्षण शाळेत असतानाच झालं की. आता साठीला पुन्हा बाकावर बसायचं? घरात एक दिवस जपमाळ चुकत नाही, तेवढं पुरे नाही का?

धाकटी मावशी: दादा, मी दोन बुधवार जाऊन आले म्हणून लिहिते. जपमाळ पुरे की नाही हे सांगणारी मी कोण? माझ्यापुरतं सांगते. दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करायचा संस्कार, झालं तेव्हा मी नववीत होते. त्यानंतर लग्न, दोन बाळंतपणं, आईचं अंथरुणाला खिळणं, मग हे गेले. एवढं सगळं निभवायला माझ्याकडे शिदोरी नववीतलीच होती.

ह्यांच्या मातीच्या दिवशी लाझरसचं शुभवर्तमान वाचलं होतं, येशू मेलेल्या लाझरसला उठवतो ते. तुम्ही इथे असता तर माझा भाऊ गेला नसता, असं लाझरसची बहीण मार्था येशूला तोंडावर म्हणते. माझ्याही मनात अगदी हेच होतं, आणि देवाला असं म्हणणं पाप आहे असं धरून मी पाच वर्षं गप्प राहिले. कुमसारात, फादरांपुढे पापं कबूल करतानासुद्धा, बोलले नाही. परवा वर्गात तोच उतारा निघाला. सिस्टर म्हणाल्या, बघा, येशू तिला गप्प बसवत नाही. तिचं ऐकतो, आणि थोड्या वेळाने स्वतः रडतो. योहानचा ११वा अध्याय. घरी येऊन तीनदा वाचला. त्या रात्री झोप लागली.

मोठे मामा: हे तू आम्हाला कधी सांगितलं नाहीस गं.

नात (आजीच्या फोनवरून): आजी सांगतेय, मी टाइप करतेय. “आमच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. फादर वेदीकडे तोंड करून उभे, आम्ही मागे जपमाळ ओढत बसायचो. प्रश्नोत्तरं घडाघडा पाठ होती, पण अर्थ विचारायची पद्धत नव्हती. बुधवारी मला कोण नेणार ते सांगा.”

वहिनी: आजी, मी नेते. मामा, मी तर सगळं मोठेपणीच शिकले, म्हणून राहवत नाही. लग्नात मला कोणी धर्म बदल म्हटलं नव्हतं. चार वर्षांनी मीच फादरांना भेटले. ते म्हणाले, आधी वर्गाला बस, घाई नाही, नको वाटलं तर मोकळेपणाने सांग. जवळपास वर्षभर बसले. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, तीन रविवारी आम्हा दीक्षार्थींसाठी तीन वाचनं होती: विहिरीवरची शोमरोनी बाई, जन्मांध माणूस आणि लाझरस. तहान, उजेड, जीवन, ह्या क्रमाने. हा काळ मुळात बाप्तिस्मा घेणाऱ्यांच्या तयारीतून वाढत गेला, हे मला तिथे कळलं. मग ईस्टरच्या आदल्या रात्री, सगळं चर्च अंधारात असताना, मोठ्या मेणबत्तीवरून एकेकाची मेणबत्ती पेटत गेली. माझ्या अंगठ्यावर मेण सांडलं, तरी हात हलवावासा वाटला नाही. बाप्तिस्मा, दृढीकरण, पहिला ख्रिस्तप्रसाद, तिन्ही संस्कार त्याच रात्री.

दादा (दुबई): वहिनी म्हणते ती पद्धत पहिल्या शतकांतल्या चर्चची. पुढे लहान मुलांचाच बाप्तिस्मा जास्त होऊ लागला आणि ती मागे पडली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या १९६२-६५ च्या सभेने, ती पुन्हा आणायला सांगितलं, १९७२ साली नवा विधी निघाला. म्हणजे मामा, मोठ्यांनी शिकायचं ही नवी टूम नाही. आपल्याकडचंच बघा. इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सनी गोव्यात नवख्रिस्ती लोकांसाठी मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण लिहिलं, ते छापलं १६१६ साली. तेसुद्धा मोठ्यांनी बसून ऐकावं म्हणूनच.

मोठे मामा: अरे, मला शिकायचा कंटाळा नाही. भीती वेगळी आहे. चार लोकांत प्रश्न निघतात, एक प्रश्न दुसऱ्याला जन्म देतो. आहे ती श्रद्धा डळमळली तर ह्या वयात कुठे जायचं?

धाकटी मावशी: दादा, माझी डळमळलेलीच होती. दिसत नव्हती एवढंच. प्रश्न विचारला तेव्हा कुठे पाय टेकले.

आणि वर्ग जड नसतो. बारा-पंधरा माणसं, अर्धे वाडीतून थेट आलेले. आधी एक उतारा हळू वाचायचा, मग पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही. सिस्टर फादर दिब्रिटोंचं सुबोध बायबल वापरतात. आपण जसं बोलतो तसं मराठी आहे. माझ्या शेजारच्या आजोबांचं बोट ओळीखालून सरकत होतं, एका शब्दावर थांबलं आणि तिथेच राहिलं. ‘क्षमा’ असा शब्द होता. ते काही बोलले नाहीत. कोणी विचारलंही नाही.

नात: आजी विचारतेय, अक्षर मोठं आहे का?

धाकटी मावशी: मोठ्या अक्षराची एक प्रत आहे, ती आजीसाठी मागून ठेवते.

मोठे मामा: वही लागते का?

धाकटी मावशी: नाही. चष्मा घे. पावणेआठला तुझ्या दारात येते, वाडीच्या रस्त्याला दिवा नाही, बॅटरी असू दे.