ईश्वर नाकारणारा माणूस निहिलिस्टच ठरतो का?

प्रश्न (सीताबर्डी, नागपूर)
नमस्कार. आमच्या वाचनगटात असा मुद्दा निघाला की, ज्याची देवावर श्रद्धा नाही त्याच्या लेखी चांगले-वाईट काही उरत नाही, म्हणून तो अखेरीस निहिलिस्टच होतो. मला हे पटले नाही, पण खोडूनही काढता आले नाही. धर्मश्रद्धा आणि निहिलिझम यांचा नेमका संबंध काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १
ईश्वर नाकारणे निराळे आणि मूल्ये नाकारणे निराळे. याचा दाखला नागपूरकराला दूर शोधावा लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे आपल्या लाखो अनुयायांना ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांची सुरुवातच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याने होते. पण चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही, हेही त्यांतच आहे.

निहिलिझम म्हणजे जगण्याला हेतू नाही आणि कोणत्याही मूल्याला आधार नाही, ही भूमिका. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे यांनी १८८२ मध्ये ‘ईश्वर मेला आहे’ असे लिहिले, ते एका वेड्याच्या तोंडी. आणि तो वेडा हे ऐकवतो ते भाविकांना नव्हे, तर बाजारात उभ्या असलेल्या, त्याला हसणाऱ्या नास्तिकांना, ही गोष्ट सहसा सांगितलीच जात नाही. देवासोबत आणखी काय काय गेले, याची त्या हसणाऱ्यांना कल्पना नसते. नीत्शे यांच्या मते या रोगाचे मूळ श्रद्धेतच आहे: जगण्याचा सारा अर्थ परलोकाच्या हवाली केला की इहलोक पोकळ होतो, आणि पुढे परलोकावरचा विश्वास उडाला की हाती काहीच राहत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, निहिलिझम हा श्रद्धेचा विरोधक कमी आणि तिचा वारसदार अधिक आहे.

उत्तर २ (रामटेक)
नीती टिकते हे मान्य. पण तरणाताठा मुलगा गमावलेल्या आईचा प्रश्न नीतीचा नसतो. तिला विठ्ठलापुढे रडता येते, भांडताही येते. ईश्वर नाकारणारा विचार तिला काय देतो?

उत्तर ३
आपला प्रश्न रास्त आहे. किसा गोतमी मेलेले मूल कडेवर घेऊन बुद्धांकडे आली, तेव्हा त्यांनी तिला स्वर्गाचे आश्वासन दिले नाही आणि सारे निरर्थक आहे असेही सांगितले नाही. ज्या घरात कोणी मेलेले नाही तेथून मोहरी आणायला सांगितले. दारोदार फिरताना तिला आपल्यासारखीच माणसे भेटली.

दानाला फळ नाही, मरणानंतर काहीच नाही, असे शिकवणारे अजित केसकंबल बुद्धांच्याच काळातले. त्यांचा हा उच्छेदवाद, म्हणजे मरणाबरोबर सारे संपते हे मत, बुद्धांनी शाश्वतवादाइतकाच, म्हणजे आत्मा अमर आहे या मताइतकाच, ठामपणे नाकारला. पुढे ‘सारे शून्य आहे’ असे मांडणारे बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन यांच्यावरही, तसे असेल तर चार आर्यसत्येही (दुःख, त्याचे कारण, त्याचे निवारण आणि निवारणाचा मार्ग) खोटी ठरतील, असा आक्षेप आला. त्यांचे उत्तर असे की, दुःखाला स्वतःचा अढळ स्वभाव असता तर ते कधीच संपले नसते; ते शून्य आहे, म्हणजे कारणांवर अवलंबून आहे, म्हणूनच त्याच्या निवारणाचा मार्ग संभवतो.