ड्रिलची धूळ जागीच ओढून घेणारी घरगुती जोडणी: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

डोंबिवलीत जुन्या इमारतीत फ्लॅट आहे. भिंती विटांच्या, त्यावर जाड प्लास्टर, बीम-कॉलम आरसीसी. पुस्तकांच्या फळ्या आणि पडद्यांचे रॉड बसवायचे आहेत, म्हणजे बरीच भोकं पाडायची आहेत. बाबांना जुना दमा आहे. दोनच खोल्या, त्यामुळे काम सुरू असताना ते फार तर शेजारच्या खोलीत बसू शकतात. काम झाल्यावर पुसून घेऊन भागत नाही. जाड भुकटी लगेच खाली बसते, पण छातीत उतरणारी बारीक धूळ दिसत नाही आणि तासन्‌तास हवेत राहते. म्हणून ती भिंतीपाशीच ओढून घ्यायची आहे.

हाताशी एसडीएस प्लस रोटरी हॅमर (ठोके देत भोक पाडणारं ड्रिल) आहे, ८ मिमीचा १६० मिमी लांब बिट आहे आणि पिशवी व हेपा फिल्टर (अगदी बारीक धूळ अडवणारी गाळणी) असलेला घरगुती व्हॅक्यूम क्लीनर. नळदुरुस्तीच्या दुकानातून ५० मिमीचा पीव्हीसी टी (तीन तोंडांचा पाइपजोड) आणला. बिट सरळ भोकातून जातो. खालच्या फाट्याला रिड्यूसर, आणि त्यात सायकलची ट्यूब गुंडाळून व्हॅक्यूमचा पाइप घट्ट बसवलाय. भिंतीच्या बाजूला दाराला लावतात ती फोमची पट्टी चिकटवली. मागच्या बाजूला एंड कॅप, तिला बिटाच्या मापाचं भोक आणि आत रबराची चकती, धूळ मागे येऊ नये म्हणून. टी डाव्या हाताने भिंतीला दाबून धरते.

अडचण अशी की टी भिंतीला छान चिकटतो, पण व्हॅक्यूमचा आवाज चढतो आणि धूळ पाइपात जातच नाही. टी काढला की सगळी भुकटी आतून खाली पडते. रबरही बिटाच्या घर्षणाने तापून वितळायला लागतं. शिवाय टीच्या दोन्ही बाजू कापून तो सुमारे ६५ मिमीचा केला तरी बिटाची लांबी पुरत नाही, कारण मशीनच्या तोंडात जाणारा भाग सोडला तर कामाची लांबी १०० मिमीच उरते. गिट्टीसाठी (स्क्रू धरायला भोकात ठोकतात ती गुल्ली) मला निदान ५० मिमी खोल भोक हवंय. पेन्सिलची खूणही टीखाली झाकली जाते. आणि प्लास्टरची भुकटी थोडी जरी आत गेली तरी पिशवी चोंदते, ती कशी वाचवायची?

तयार जोडण्या मिळतात, हे ठाऊक आहे. पण त्यातल्या बऱ्याच ठरावीक मशीनच्याच मानेवर बसतात, माझ्या मशीनला मापाची मिळाली नाही.

प्रतिसाद:
ताई, टी उत्तम निवडलात. फक्त तो चारही बाजूंनी बंद झालाय. धूळ व्हॅक्यूममुळे नाही, वाहत्या हवेमुळे जाते. आत यायला हवेला वाट नसेल तर आत नुसती पोकळी तयार होते, म्हणून टी भिंतीला चिकटतो आणि मोटरचा आवाज चढतो. जास्त वेळ तसं चालवलं तर मोटर तापेल, कारण तिला थंड ठेवणारी हवाही तीच.

रबराची चकती काढून टाका. कॅपचं भोक १५-१६ मिमीचं करा, म्हणजे बिटाभोवती चारेक मिमी मोकळी जागा राहील. आता मागून हवा जोरात आत शिरेल, त्यामुळे धूळ त्या वाटेने बाहेर येणारच नाही. फोम मात्र राहू द्या. फाटा नेहमी खाली.

बिट २१० मिमीचा घ्या, ८ मिमीत तो सहज मिळतो. लांब बिट सुरुवातीला भरकटतो, तेव्हा आधी हॅमर बंद ठेवून हळू वेगाने खाच पाडा, मग हॅमर लावा. खुणेसाठी भिंतीवर अधिकचं चिन्ह टीच्या व्यासाहून मोठं काढा आणि टीच्या कडेवर चार रेघा मारा. रेघांना रेघा जुळल्या की बिट बरोबर मध्यावर. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, बहुतेक वायरी तिथूनच गेलेल्या असतात.

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत. पिशवीसाठी सांगतो. डिस्टेंपरची २० लिटरची जाड बादली घ्या, झाकण घट्ट बसणारी. झाकणाच्या कडेला एक पाइप असा बसवा की हवा बादलीच्या कडेने गोल फिरेल. दुसरा पाइप मधोमध, तो व्हॅक्यूमला. जड भुकटी बादलीतच पडते. बारीक धूळ तरीही पुढे जाते, म्हणून पिशवी आणि हेपा काढायचे नाहीत. पातळ बादली ओढीने आत चेपते, ती नको. बादलीत पाणीही घालू नका, तुमचा व्हॅक्यूम कोरड्याचाच आहे.

बादली रिकामी करताना आधी पाण्याचा फवारा मारा आणि एन-९५ मास्क लावा. ड्रिल करतानाही लावा. जुन्या बांधकामात नदीची किंवा खाडीची रेती असते, तिच्यात क्वार्ट्झ म्हणजे सिलिका असतं, त्याची बारीक धूळ फुप्फुसांना घातक. काळ्या दगडाच्या क्रश सँडमध्ये ते कमी, पण आपली भिंत कशाची आहे हे पाहून सांगता येत नाही. अमेरिकेत २०१६ च्या नियमाने कामगारांसाठी सिलिकाच्या धुळीची मर्यादा ८ तासांच्या सरासरीने घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली, आणि हातातल्या ड्रिललाही धूळ ओढणारं आवरण हवं असं त्यात आहे. दम्याच्या माणसाला तर कुठलीच धूळ सोसत नाही. काम चालू असताना पंखा बंद, मधलं दार बंद, खाली ओला टॉवेल. नंतर झाडू नको, ओलं फडकं.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. रबर काढलं, भोक मोठं केलं आणि लगेच फरक पडला. विटेची लाल भुकटी पाइपातून जाताना दिसते. खाली धरलेल्या काळ्या कागदावर जेमतेम चिमूटभर पडली. बाबा शेजारच्या खोलीत होते, त्यांना खोकला आला नाही. बादली रविवारी करते. आता एकच राहिलं: पडद्याचा एक रॉड स्लॅबला लावायचाय. वर बघून भोक पाडताना टी धरून ठेवणं जमेल का?

प्रतिसाद:
वर टी धरत बसू नका, तोल जातो. दह्याचा किंवा श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या, बुडाला बिटाच्या मापाचं भोक पाडून बिटावर चढवा, तोंड छताकडे. डब्याची उंची ४० मिमीच्या आत ठेवा, जास्त असेल तर वरून कापा. छतातली भुकटी आपल्या वजनाने डब्यात पडते. बारीक धुळीसाठी घरातल्या कुणाला तरी व्हॅक्यूमचं तोंड डब्याच्या कडेला धरायला सांगा. डोळ्यांवर बंद गॉगल हवाच. सळई लागली तर जोर करू नका, २-३ सेंटिमीटर सरकून दुसरं भोक घ्या.