पेपरचा मालक कोण, हे गिऱ्हाइकाला काय सांगायचं?

डिचोलीचा पेपरवाला

नमस्कार. मी डिचोलीत पेपर टाकतो. आधी बाबा सायकलवरून टाकायचे, मी स्कूटरवरून टाकतो, एवढीच आमच्या घराण्याची प्रगती. पहाटे साडेचारला गठ्ठे उतरतात. पुरवण्या आत सारायच्या आणि सातच्या आत शेवटचं घर गाठायचं.

एक निवृत्त गुरुजी माझं जुनं गिऱ्हाईक. दोन मराठी, एक इंग्रजी असे तीन पेपर घेतात. परवा बिल घेऊन गेलो तर म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून एकच टाक. तिन्हींत तेच असतं. आणि जे नसतं, ते तिन्हींत नसतं." त्यांच्या वाड्यावर ट्रकांच्या धुळीवरून लोकांनी रस्ता अडवला होता. चार दिवस ते त्या बातमीची वाट बघत होते. मी म्हटलं, जागा नसेल हो गुरुजी. तर म्हणाले, "मालक कोण ते बघ, म्हणजे जागा का नव्हती ते कळेल."

तीस वर्षं पेपर हाताळतोय, पण मालक कोण ते मला ऐकूनच माहीत. आमच्याकडे "सगळे खाणवाल्यांचे" असं सरसकट म्हणतात. खरं किती? कुठे छापलेलं असतं का? आणि कळून फरक काय पडतो? गुरुजींचे दोन पेपर कमी होणार, म्हणून विचारतो. चेष्टा नको.

जुना उपसंपादक, फोंडा

पेपरवाले बाब, उत्तर तुमच्याच गठ्ठ्यात होतं. फेब्रुवारी संपला की पुढच्या पहिल्या अंकात, आत कुठेतरी तळाला, डोळे फुटतील इतक्या बारीक टायपात एक चौकट छापत: "प्रपत्र ४, नियम ८ पाहा". मुद्रक, प्रकाशक, संपादक, मालक आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेले भागधारक, सगळ्यांची नावं. ती चौकट मी कितीदा पानात बसवली, पण ती वाचणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. पेपरांच्या नोंदणीचा १८६७ चा कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा आला, तरी घरच्या रद्दीत जुना मार्च असेल तर काढून बघा.

"सगळे खाणवाल्यांचे" हे अर्धं खरं. गोवा मुक्तीनंतर पेपर काढण्याइतका पैसा खनिजवाल्यांकडेच होता. १९६२ ला 'गोमन्तक' चौगुल्यांनी काढला, १९६३ ला 'नवहिंद टाइम्स' धेंप्यांनी. 'नवप्रभा'ही धेंप्यांचीच. कोंकणी 'सुनापरान्त' साळगावकरांचा, तो २०१५ ला बंद पडला. 'गोवन वार्ता' फोमेन्तोवाल्यांची. पण 'गोमन्तक' केव्हाच 'सकाळ'कडे गेला. 'तरुण भारत' बेळगावचा, 'लोकमत' दर्डांचा, 'पुढारी' कोल्हापूरच्या जाधवांचा. आणि धेंप्यांनी २००९ मध्ये आपला खाणधंदा सेसा गोवा कंपनीला १,७५० कोटींना विकून टाकला, पेपर मात्र ठेवले. ते का, यावर आमच्या कँटीनमध्ये चहाच्या किटल्या रिकाम्या झाल्यात.

आता फरक काय पडतो ते. मी कुठल्या पेपरात होतो ते सांगत नाही, अजून तिथल्या लग्नांना जातो. सत्तावीस वर्षांत मालकाचा फोन मला एकदाही आला नाही. गरजच नव्हती. नवा पोरगा मालकाच्या धंद्याला लागेल अशी बातमी घेऊन यायचा. मुख्य उपसंपादक विचारायचा, "दुसरी बाजू घेतलीस?" पोरगा फोन लावायचा, पलीकडून "उद्या सांगतो". उद्याची परवा, परवाची तेरवा, बातमी शिळी. कुणी काही दाबलं नाही, सगळं पत्रकारितेच्या नियमाला धरून! सहा महिन्यांत पोरगा तसल्या बातम्या आणायचाच थांबायचा. मग आम्ही म्हणायचो, "तयार झाला."

तालुक्याचा वार्ताहर

उपसंपादकसाहेब पणजीच्या पंख्याखाली होते, म्हणून त्यांना मालक दिसतो. मला आमदाराचा वाढदिवस दिसतो.

बातमीचे मला किती मिळतात ते लिहीत नाही, हसाल. घर चालतं जाहिरातीच्या कमिशनवर. वाढदिवसाची पुरवणी ठरली की सरपंच, पंच, कंत्राटदार, सगळ्यांच्या दारात शुभेच्छा गोळा करायला मीच. गणेशचवथीला वेगळं, जत्रेला वेगळं. आज ज्या पंचाकडून पाव पान आणलं, त्यानेच डोंगर कापला ही बातमी उद्या मीच द्यायची? देतो कधीकधी. मग पुढची चवथ कोरडी जाते.

गिऱ्हाईक देतं ते पैसे कागदालासुद्धा पुरत नाहीत. बाकीचं सरकारी निविदा, माहिती खातं, बिल्डर आणि मांडवीतले कॅसिनो भरतात. ज्याने पहिलं अख्खं पान विकत घेतलं तो त्या दिवसापुरता मालकच. तुमच्या बारीक टायपात त्याचं नाव शोधून दाखवा.

मडगावकारीण

गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा संघप्रदेश ठेवायचा, त्या जनमत कौलाच्या वेळी मी शाळेत होते. काका 'गोमन्तक' घ्यायचे, विलीनीकरणवाले. बाबा 'राष्ट्रमत'वाले. दोन्ही पेपर मराठी, बरं का! महाराष्ट्रात जायचं नाही हे 'राष्ट्रमत' मराठीतूनच ठणकावत होता. जेवताना भांडणं व्हायची आणि आई ताटं उचलून न्यायची. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. संघप्रदेशाला १,७२,१९१, विलीनीकरणाला १,३८,१७०. काका पुढचे आठ दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत.

पण कुठला पेपर कुणाचा, हे आम्हां पोरांनाही पाठ होतं. आता सगळेच निःपक्षपाती. गुरुजी वैतागतील नाहीतर काय!

डिचोलीचा पेपरवाला

सगळ्यांचे आभार. रद्दीत नाही, पण आईने फडताळात अंथरलेला एक जुना मार्चचा अंक निघाला. चौकट मिळाली. गुरुजींकडे नेऊन वाचून दाखवली. भागधारकांत माणसं थोडी, कंपन्यांचीच नावं जास्त. गुरुजी म्हणाले, "बरं, आता या कंपन्यांचं प्रपत्र ४ आण."

एक गोष्ट मी आधी लिहिली नव्हती. सप्टेंबर २०१२ ला खाणी थांबल्या तेव्हा माझ्या भावाचे दोन ट्रक बँकेच्या कर्जावर होते. पुढे थोड्या सुरू झाल्या. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. त्या दिवसांत "खाणी लवकरच सुरू" असा मथळा असलेला पेपर माझ्याकडे सहाच्या आत संपायचा. मग आत काहीही नसो. आणि खाणीमुळे शेतात गाळ आला अशी बातमी ज्यात होती, तो अंक एका ट्रकवाल्याने माझ्यासमोर फाडला. पैसे देऊन फाडला, हे सांगायला हवं.

त्यानंतर तसली बातमी पहिल्या पानावर दिसली की मी तो पेपर फळीवर खालच्या बाजूला ठेवायला लागलो. मला कुठल्या मालकाचा फोन आला नव्हता. उपसंपादकसाहेबांचं "तयार झाला" वाचलं आणि ते आठवलं.

गुरुजींनी शेवटी दोन ठेवलेत. इंग्रजी बंद केला.