रक्तदान शिबिराची समिती : माणसं किती, कामं कशी वाटावीत?

मंडळ_चिटणीस
आमच्या गणेश मंडळाने मे महिन्यात रक्तदान शिबिर घ्यायचं ठरवलंय. १०० पिशव्यांचं उद्दिष्ट आहे. कार्यकर्ते तीसेक. बैठकीला सगळे हजर असतात, पण कामाचं विचारलं की "होईल हो" एवढंच. समिती किती जणांची करावी?

शिबिर_संयोजक
मे निवडलात हे उत्तम. कॉलेजं बंद, लोक गावाला, रक्तपेढ्यांना तेव्हाच चणचण असते. पण आकडा रक्तपेढीला विचारून ठरवा. प्लेटलेट ५ दिवसच टिकतात, तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस. पेढीच्या गरजेपेक्षा जास्त जमवलं तर दिलेलं रक्त वाया जातं.

समिती सात जणांची पुरे, बाकीचे त्यांच्या हाताखाली. प्रमुख, रक्तपेढीशी संपर्क, जागा आणि वीज, रक्तदात्यांची यादी, नोंदणी टेबल, अल्पोपहार, हिशेब. प्रत्येक कामापुढे एकच नाव लिहा. दोन लिहिली की दोघंही एकमेकांवर सोडून मोकळे होतात.

यादीवाल्याला सर्वात जास्त हात द्या, आठ-दहा तरी. ग्रुपवर पोस्ट टाकून माणसं येत नाहीत, फोनच करावा लागतो : एकदा आठवडाभर आधी, एकदा आदल्या संध्याकाळी. फोनवरच विचारून घ्या : वय १८ ते ६५ मध्ये आहे ना, वजन किमान ४५ किलो आहे का, मागचं रक्तदान कधी झालं (पुरुषांना ९० दिवस, स्त्रियांना १२० दिवस झालेले हवेत).

ओ_निगेटिव्ह
वरच्यात वेळेचं गणित जोडतो. खाटेवर झोपवण्यापासून उठवण्यापर्यंत वीसेक मिनिटं धरा. ५ खाटा म्हणजे तासाला १५ जण, १०० पिशव्यांना जवळजवळ ७ तास. सगळे अकराला आले की रांग लागते आणि कंटाळून गेलेला परत येत नाही. म्हणून प्रत्येकाला तास ठरवून द्या. हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली असलं की डॉक्टर परत पाठवतात, रक्तदाब किंवा औषधांमुळेही काही जण गळतात. नावं सव्वाशे-दीडशे हवीत.

जागा तळमजल्यावरचा हॉल घ्या. मे महिन्यात उघडा मांडव नकोच.

मंडळ_चिटणीस
आभारी आहे. प्रत्येक रक्तदात्याला टिफिन भेट द्यावा असा काहींचा आग्रह आहे.

रक्तपेढी_ताई
कृपया देऊ नका. वस्तूसाठी आलेला माणूस कावीळ, चालू औषधं, दोन महिन्यांपूर्वीचं रक्तदान लपवतो. संसर्ग अगदी ताजा असेल तर तपासणीतही सापडत नाही, त्यामुळे फॉर्मवरची खरी उत्तरं हाच रुग्णाचा मोठा आधार. प्रमाणपत्र आणि रक्तदाता कार्ड पुरेसं आहे.

तो पैसा खाण्यावर घाला. उपाशीपोटी कोणाचंही रक्त घेऊ देऊ नका, नोंदणीपाशीच पोहे किंवा उपमा ठेवा. रक्त दिल्यावर लिंबू सरबत, बिस्किटं आणि १५ मिनिटं बसणं सक्तीचं. चक्कर बऱ्याचदा खाटेवरून उठल्यावर येते, अल्पोपहाराच्या टेबलाशी नाहीतर जिन्यात, म्हणून तिथे दोन चलाख कार्यकर्ते नेमा. चेहरा पांढरा पडला, घाम फुटला की खुर्चीत धरून ठेवू नका. तिथेच जमिनीवर आडवं करा, पाय खुर्चीवर ठेवा, गर्दी हटवा, डॉक्टरांना हाक मारा. दुचाकीवरून आलेल्यांना लगेच किक मारू देऊ नका.