'द लँग्वेज ऑफ फ्लॉवर्स' वाचली, पण व्हिक्टोरियाला माफ करायला मन तयार नाही

धंतोलीची वाचक
व्हॅनेसा डिफेनबॉची ही कादंबरी 2011 ची, माझ्या हाती आत्ता आली, काल रात्री दोन वाजता संपवली. सॅन फ्रान्सिस्कोची व्हिक्टोरिया, आईबापांनी टाकलेली, लहानपणापासून सांभाळायला दिलेल्या या परक्या कुटुंबातून त्या कुटुंबात, मग ग्रुप होम म्हणजे तिथलं बालगृह, आणि अठरा पूर्ण झाले की बाहेर. बागेत झोपते, मग फुलांच्या दुकानात काम मिळतं, कोणत्या फुलाचा काय अर्थ ते तिला तोंडपाठ. इथपर्यंत मी तिच्यासोबत रडले. पण जीव लावणारा माणूस भेटतो तर त्याला सोडते, पोर होते तर तिलाही त्याच्या घरी ठेवून निघून जाते! टाकून दिलं की काय होतं हे जिला माहीत, तिनंच तेच करावं? आणि लेखिका तिला किती सहज सांभाळून घेते. भोगलं म्हणून सगळं माफ नसतं, असं माझं स्पष्ट मत.

महालवाली
ताई, नाही पटलं. मी मुलींच्या एका बालगृहात सात वर्षं रविवारी गणित शिकवायला जात होती. तिथली एक पोरगी अठराची झाल्यावर मानेवाड्याला मैत्रिणीसोबत खोली करून राहिली. पहिल्यांदा भेटायला गेली तर पातेलंभर भात, दोघींना तीन दिवस पुरेल एवढा. म्हटलं काहून गं एवढा, तर म्हणे मॅडम दोघींना किती तांदूळ लागतात तेच माहीत नाही, तिथं मोठ्या गंजातच शिजायचा. वर्षानं पुन्हा गेली तर भिंतीतलं कपाट रिकामं अन् कपडे सगळे बॅगेतच, चेन लावलेली. घरमालकानं जा म्हटलं तर पाच मिनिटांत निघता यावं म्हणून. भाडं वेळेवर देत होती, कोणी जा म्हटलंच नव्हतं. व्हिक्टोरिया निघून जाते ना, ती ही बॅग आहे. तुम्ही तिला स्वार्थी म्हणून राहिल्या, मला ती घाबरलेली दिसली.

सदरचा वकील
दोघीही मनाचंच बोलून राहिल्या, कायद्याचं कोणी बोलत नाही. अमेरिकेत 2008 च्या कायद्यानं राज्यांना अशा मुलांना वयाच्या 21 पर्यंत सांभाळायची सोय केली, कॅलिफोर्नियात ती 2012 पासून लागू झाली, म्हणजे पुस्तकानंतर. आपल्याकडे 2015 च्या बाल न्याय कायद्यात अठरानंतरच्या मदतीची तरतूद आहे, केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिन्याला 4000 रुपये आहेत, महाराष्ट्रात अनाथांना 2018 पासून 1 टक्का आरक्षण आहे. त्यामुळे कादंबरी वाचून 'आपल्याही पोरी रस्त्यावर' असा गळा काढणं बरोबर नाही. सोय आहे, ती पोरींपर्यंत पोचवा.

महालवाली
दादा, 4000 मध्ये नागपुरात खोली अन् मेस दोन्ही बसवून दाखवा. आरक्षणासाठी आधी अनाथ प्रमाणपत्र हातात लागते, त्या कागदासाठी माझ्या पोरीनं किती सुट्ट्या टाकल्या ते मी पाहिलं आहे. आणि सगळ्यांना अठराचा नियम लागू पडतच नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यात वझ्झरला अशा मुलांचं बालगृह चालवणारे शंकरबाबा पापळकर, 2024 चे पद्मश्री, वर्षानुवर्षं हेच मागून राहिले की दिव्यांग बेवारस मुलांना अठरानंतर बाहेर काढू नका, त्यांना आयुष्यभर राहू द्या. कायदा पुरेसा असता तर त्यांना मागावं लागलं असतं का?

सदरचा वकील
पापळकरांचा मुद्दा मान्य, तिथं कायदा खरंच तोकडा आहे. पण धडधाकट शिकलेल्या पोरीला कायम बिचारी ठरवणं मला पटत नाही, उद्या तिला नोकरी देणाराही तसंच बघेल. व्हिक्टोरियाला दुकानवालीनं दयेनं ठेवलं नाही, तिच्या हातात कसब होतं म्हणून ठेवलं. मला पुस्तकातलं तेवढंच आवडलं.

धंतोलीची वाचक
महालवाली ताई, तुमची बॅग वाचून मी ते पान पुन्हा काढलं. पोरीला ती ज्या टोपलीत ठेवते तिला आतून शेवाळ लावलेलं असतं, आणि त्या फुलांच्या भाषेत शेवाळ म्हणजे आईची माया. काल झोपेत हे माझ्याकडून सुटलं होतं. म्हणजे ती टाकून जात नाही, तिला जे बोलता येतं त्या भाषेत सांगून जाते, हे मानते मी. पण त्या टोपलीतल्या पोरीला शेवाळाची भाषा कुठं येते? तिच्यासाठी आई गेली ती गेलीच. माझा राग अर्धा उतरला, अर्धा आहे तसाच आहे. तुमची ती मुलगी सध्या कुठं असते? कपाटात कपडे ठेवले का तिनं?

महालवाली
हो, मागच्या दिवाळीला. फक्त दोन ड्रेस. बाकी बॅगेतच आहेत.