दोन रेनो एफटी घरात आले, आता कोणती स्केल आन् कोणतं युद्ध?

पऱ्हाटीवाला (दारव्ह्याजवळ):
नमस्कार राजेहो. मी यवतमाळ जिल्ह्यातला, गावात कृषी केंद्र चालवतो. दोन महायुद्धांच्या मधातले टँक मले लय आवडतात, १९१८ ते ३९ चे, जेव्हा टँक नेमका कसा असाव हे कोणालेच ठाऊक नव्हतं, कोणी एक टरेट (तोफेचा फिरता बुरूज) लावते कोणी पाच. नागपूरच्या एका ओळखीच्यानं पसारा आवरताना दोन रेनो एफटी, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच टँकचे मॉडेल, देऊन टाकले, १/७२ चे (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढे), प्लास्टिकचे, आन् तेव्हापासून डोक्यात किडा शिरला. टेबलावर मॉडेलनं युद्धाचा खेळ खेळाले मी, भाचा आन् एक लाईनमन मित्र. टेबल म्हणजे गोडाऊनमधी खताच्या पोत्यांवर टाकलेला प्लाय, सहा बाय चार फूट. तर १/७२ मधीच पुढं जाऊ का १५ एमएम धरू, आन् युद्ध कोणतं? पैसा बेताचाच आहे, सोयाबीनचे भाव तुम्हाले सांगाची गरज नाही. आन् दुसरं, मे महिन्यात दुपारी स्प्रे प्रायमर (रंगाआधीचं अस्तर) मारला तर एका एफटीचं अंग सगळं रवाळ झालं, हात फिरवला का पॉलिश पेपर. डबाच खराब होता का?

पाच_टरेट (अमरावती):
स्केलचं आधी. १५ एमएम, म्हणजे माणसाचं मॉडेल तेवढं उंच, साधारण १/१००. सोव्हिएत टी-३५, पाच टरेटवाला, खरा ९.७२ मीटर लांब, म्हणजे १/७२ मधी साडेतेरा सेंटिमीटर, १/१०० मधी पावणेदहा, आन् ६ एमएम म्हणजे १/२८५ मधी जेमतेम साडेतीन. तुमच्या प्लायवर १/७२ चे दहा-बारा टँक ठेवले का बाजार समितीचं आवार दिसते, ट्रॅक्टरले ट्रॅक्टर लागलेले. म्हणून मी १/१०० म्हणीन. झ्वेझ्दा ह्या रशियन मॉडेल कंपनीचे सोव्हिएत टी-२६ आन् बीटी-५ त्या स्केलमधी आहेत, डिंक न लावता जुळतात. स्पेनचं यादवी युद्ध घ्या, १९३६ ते ३९. एका बाजूले टी-२६, त्याची ४५ एमएमची तोफ, दुसऱ्या बाजूले जर्मन पँझर वन, ज्याले नुसत्या दोन मशिनगन. त्याच्यानं टी-२६ फुटेच ना, म्हणून थोड्याशा पँझर वनवर इटालियन २० एमएम ब्रेडा तोफ बसवून पाहिली होती. तो टँक बनवा, लय भारी दिसते.

काटेरी_बाभूळ (वाशीम):
पाच_टरेट भाऊ, तुमचं बरोबर, पण स्पेन धरलं का माणूस संपत नाही. टी-२६ झाला का बीटी पाहिजे, मग इटालियन टँकेट (छोटे टँक), मग पकडलेले टी-२६ लाल-पिवळ्या पट्ट्यात वेगळे रंगवाचे. माझं कपाट भरलं आन् बायकोचं बोलणं सुरू झालं. पैसा बेताचा असन तर चाको युद्ध घ्या, बोलिव्हिया विरुद्ध पॅराग्वे, १९३२ ते ३५. बोलिव्हियाकडं सगळ्या युद्धात टँक किती? तीन ब्रिटिश विकर्स सहा-टनी आन् दोन कार्डेन-लॉइड टँकेट. पाच! बस, कलेक्शन पूर्ण. सहा-टनीत एक टरेटचा आन् दोन टरेटचा, दोन्ही प्रकार होते, म्हणून बनवाले कंटाळा येत नाही. जुलै १९३३ च्या नानावाच्या लढाईत हे वापरले, आन् पुढं पॅराग्वेनं विकर्स पकडलेही. मुलूख कसा, तर कोरडा, काटेरी झुडपं, पाण्याची बोंब, आन् टँकच्या आत इतकी उकाड का माणसं बसू शकत नव्हते. हे आपल्याले समजावून सांगाले नको. झाडं विकत घेऊ नका, पऱ्हाटी उपटल्यावर तिचे बारीक शेंडे तोडा, फेविकॉलमधी बुडवा, वरतून लाकडाचा भुसा रंगवून टाका.
एफटी मात्र चाकोत नव्हते. ते ठेवा बाजूले, १९२० च्या पोलंड-सोव्हिएत युद्धाले कामी येतीन. काबूलच्या भंगारात तर २००३ मधी एफटी सापडले, म्हणजे तो टँक कुठं कुठं गेला पाहा.

रंगारी (नगर, मूळचा पुसदचा):
डबा खराब नव्हता भाऊ, टाइम खराब होता. ४४-४५ डिग्रीत फवारा मॉडेलवर पोचाच्या आधीच हवेत वाळते आन् वर नुसती भुकटी बसते. तुम्ही कृषी केंद्रवाले, गिऱ्हाइकाले दुपारी बाराले फवारणी करा म्हणता का? सकाळी सहाले मारा, डबा रात्रभर घरात सावलीत, वीसेक सेंटिमीटरवरून, पातळ पातळ दोन हात. पावसाळ्यात उलटी तऱ्हा, दमट हवेत पांढुरकी धुई चढते, तेव्हा मी ब्रशनंच लावतो. रवाळ झालेला एफटी आयसोप्रोपिल अल्कोहोलमधी भिजवून जुन्या टूथब्रशनं घासा, आधी खालच्या बाजूले थोडं करून पाहा, थिनर अजिबात नाही, प्लास्टिकचं लोणी होते.
आन् इकडं आले तर नगरचं रणगाडा संग्रहालय पाहा, जपानी टाइप ९५ हा-गो उभा आहे, १९३५ चं डिझाइन. जवळ उभं राहिलं का कळते, ह्या काळातले टँक किती बुटके होते.

पऱ्हाटीवाला:
बारा वाजताची फवारणी, हे लागलं राजा 😄 लाईनमन वाचून अजून हसू राहिला.
चाकोच करतो. पाच टँक म्हटल्यावर घरीही सांगता येते. पण भाचा आत्ताच रुसून बसला, त्याले पॅराग्वे दिला तर टँकच नाही म्हणते. आन् एक रेझिनचा (साच्यात ओतलेल्या प्लास्टिकचा) विकर्स मी मागच्या वर्षी मागवला होता, बिचारा पार्सलमधी उन्हात आठ दिवस पडून होता, तोफेची नळी केळीसारखी वाकून आली, विकणाऱ्याले फोटो टाकला तर उत्तरच नाही. फेकू का?

रंगारी:
फेकता कायले. चहाच्या पाण्यासारखं गरम पाणी, नळी अर्धा मिनिट बुडवा, मऊ होते, सरळ करून लगेच थंड पाण्यात धरा. रेझिन हाय तर रंगवाच्या आधी साबणानं धुवा, नाहीतर साच्याचं तेल राहते आन् रंग पापुद्र्यासारखा निघते.

काटेरी_बाभूळ:
भाच्याले सांगा, एक विकर्स धरला का तो त्याचा. मग पाहा कसा खेळते.